पडद्यावर ३७, क्युव्हेटमध्ये किती? पेल्टियर होल्डर वापरण्याची पद्धत

पेल्टियर होल्डर म्हणजे प्रकाशाने मापन करताना क्युव्हेट (नमुन्याची पारदर्शक कुपी) ठरावीक तापमानाला धरून ठेवणारा धातूचा ठोकळा. त्याला थंड-गरम करतो तो पेल्टियर, म्हणजे विजेवर उष्णता इकडून तिकडे नेणारा घटक. कंट्रोलरच्या पडद्यावर ३७.०० दिसते ते या ठोकळ्याचे तापमान, नमुन्याचे नव्हे. सेन्सर ठोकळ्याच्या आत बसवलेला असतो आणि तो ठोकळ्यापुरतेच बोलतो. ठोकळा आणि द्रावण यांच्यामध्ये हवेची फट आहे, क्वार्ट्झची भिंत आहे, वरचे तोंड खोलीच्या हवेकडे उघडे आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. तापमान-नियंत्रित होल्डरवरचे बहुतेक फसलेले प्रयोग या एका गैरसमजातून फसतात. म्हणून पुढची सगळी मांडणी उष्णतेच्या वाटेने केली आहे: पाण्यापासून ठोकळ्यापर्यंत, ठोकळ्यापासून नमुन्यापर्यंत.

येथे गृहीत धरलेला होल्डर नेहमीचा आहे: १२.५ मिमी बाहेरच्या मापाची, १० मिमी प्रकाशमार्गाची चौकोनी क्युव्हेट बसणारा, खाली चुंबकीय स्टरर (ढवळणारे साधन), बाजूला पेल्टियर आणि पाण्याने थंड होणारा हीट एक्स्चेंजर (उष्णता पाण्यात सोडणारा भाग). शोषण (नमुना किती प्रकाश अडवतो ते) मोजायच्या होल्डरला समोरासमोर दोन खिडक्या असतात, फ्लुरोसन्सच्या (नमुना स्वतः टाकतो त्या प्रकाशाच्या) होल्डरला तीन किंवा चार.

पाणी आधी, वीज नंतर

पेल्टियर उष्णता नाहीशी करत नाही, एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो. वर स्वतःला लागलेल्या विजेचीही उष्णता त्यात मिसळतो. ठोकळा थंड करताना ही सगळी उष्णता पाण्यानेच वाहून न्यायची असते. पाणी बंद असताना कंट्रोलर चालू केला, तर पेल्टियरची गरम बाजू झपाट्याने तापते. अनेक पेल्टियर मॉड्यूलमधले सोल्डर १३८° से.ला वितळते. चांगल्या कंट्रोलरमध्ये त्याआधीच वीज तोडणारी सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

प्रवाह किती हवा, याचा हिशेब सोपा आहे. समजा पाण्यात ६० वॉट उष्णता पडते. मिनिटाला ३०० मिली पाणी वाहत असेल तर ते होल्डरमधून जाताना सुमारे ३ अंशांनी तापते. तेच ५० मिलीवर आले तर १७ अंशांनी. दुसऱ्या स्थितीत ठोकळा ५° से.पर्यंत उतरणे अवघडच. तेव्हा परतीची नळी मोजपात्रात धरून मिनिटभर पाणी मोजा आणि आकडा वहीत लिहा. काही महिन्यांनी तोच आकडा निम्मा झालेला दिसला, तर नळीला पीळ पडला आहे किंवा आत शेवाळ धरले आहे.

बादलीतला पंप चालतो, पण बादली लहान नको. ५ लिटर पाण्यात ६० वॉट तासभर ओतले तर पाणी साधारण १० अंशांनी तापते. सकाळी ५° से. सहज गाठणारा होल्डर दुपारी ९ वर अडकतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. मोठी बादली घ्या, लागल्यास बर्फाची बंद पाकिटे टाका. मात्र गरज नसताना बर्फाचे पाणी फिरवू नका, कारण नळ्यांवर बाहेरून दव धरते आणि ते थेंब स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या (शोषण मोजणाऱ्या उपकरणाच्या) पोटात पडतात.

बादली नेहमी उपकरणापेक्षा खाली ठेवा. वर ठेवली आणि नळी निसटली, तर पंप बंद केला तरी सायफनने पाणी येतच राहते. पहिल्यांदा जोडणी करताना होल्डर उपकरणाबाहेर, ट्रेमध्ये ठेवून दहा मिनिटे पाणी फिरवा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर दाबून बघा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागदावर लगेच उमटते.

चालू करण्याचा क्रम ठरलेला असू द्या:

१. पंप चालू करा, परतीच्या नळीतून पाणी येताना बघा.
२. खोलीच्या तापमानाखाली जायचे असेल तर कोरडा वायू सोडा.
३. कंट्रोलर चालू करा आणि लक्ष्य आधी २५° से. ठेवा.
४. ठोकळा २५ वर स्थिर झाला की मगच हवे ते तापमान द्या.
५. शेवटी स्टरर.

तिसरी पायरी उगाच वाटेल, पण सेन्सरची तार सुटली असेल किंवा वाचन भलतेच असेल तर ते इथेच कळते, ९५ अंशांकडे धाव घेतल्यावर नाही.

बीम (मापनाचा प्रकाशझोत) कुठून जातो ते डोळ्यांनी बघा

होल्डर बसवल्यावर तरंगलांबी ५५० नॅनोमीटरवर न्या. हा हिरवा प्रकाश डोळ्याला सर्वांत स्पष्ट दिसतो. खोलीत अंधार करा आणि पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी क्युव्हेटच्या जागी उभी धरा. हिरवा ठिपका खिडकीच्या मधोमध पडला पाहिजे, कडा कुठेही कापलेली नको. मग रिकाम्या होल्डरमधून हवेचे वाचन घ्या आणि होल्डर काढून घेतलेल्या वाचनाशी ताडून बघा. बरीच तूट दिसली तर बीम कडेला घासतो आहे. अशा होल्डरमध्ये खोलीच्या तापमानाला सगळे ठीक दिसते, पण ८० अंशांना धातू आणि पाया किंचित फुगतात, बीमचा कापलेला भाग बदलतो आणि बेसलाइन (नमुन्याविना येणारी आधाररेषा) सरकते. मग दोष नमुन्याला दिला जातो.

उंचीही तपासा. क्युव्हेटच्या तळापासून बीमच्या मध्यापर्यंतचे अंतर उपकरणानुसार ८.५, १५ किंवा २० मिमी असते. कमी आकारमानाच्या क्युव्हेटमध्ये खिडकीच इतकी छोटी असते की ८.५ची क्युव्हेट १५च्या उपकरणात घातली तर प्रकाश नमुन्याच्या वरून जातो. साध्या क्युव्हेटमध्येही पातळी बीमच्या वरच्या कडेपेक्षा निदान ५ मिमी वर ठेवा आणि स्टर बार (क्युव्हेटमध्ये फिरणारी चुंबकाची कांडी) बीमच्या खाली राहतो ना, ते पाहा. स्टरर चालू करताच वाचनात ठरावीक लयीत चढउतार दिसले, तर बार प्रकाशात डोकावतो आहे असे समजा.

क्युव्हेट आणि ती बारीक फट

क्वार्ट्झची उष्णतावाहकता सुमारे १.४ वॉट प्रति मीटर-केल्विन, पाण्याची ०.६, हवेची ०.०२६. म्हणजे हवा क्वार्ट्झपेक्षा जवळजवळ ५० पटींनी वाईट वाहक. क्युव्हेटची भिंत १.२५ मिमी जाड असते, तरी ०.१ मिमीची हवेची फट तिच्या चौपट अडथळा करते. कागदाच्या जाडीएवढी ही फट नमुना किती वेगाने तापेल ते ठरवते.

त्यामुळे क्युव्हेट होल्डरमध्ये सैल हलता कामा नये. स्प्रिंग असेल तर ती क्युव्हेटला ठोकळ्याच्या गुळगुळीत बाजूवर दाबते आहे ना, हे बघा. उलटी बसवलेली स्प्रिंग हा फार नेहमीचा दोष आहे. फट भरायला पाणी किंवा ग्रीस लावण्याचा मोह होतो, पण खिडक्यांवर ओघळ आला की मापन संपलेच.

प्लॅस्टिकच्या क्युव्हेटी या कामाला घेऊ नका. ॲक्रिलिकची वाहकता ०.२च्या आसपास, त्यात भिंती किंचित निमुळत्या असल्याने फट खालपासून वरपर्यंत बदलत जाते. शिवाय जंबुपार भागात ॲक्रिलिक साधारण ३०० नॅनोमीटरखाली आणि पॉलिस्टायरीन ३४०खाली प्रकाश अडवते. डिंकाने जोडलेल्या स्वस्त काचेच्या क्युव्हेटी गरम करताना सांध्यात उकलतात. वितळवून जोडलेली क्वार्ट्झ क्युव्हेट घ्या आणि मोजमापांच्या सगळ्या मालिकेत तीच एक वापरा, शक्यतो एकाच दिशेने बसवून. बाजूवर पेन्सिलीने बारीक खूण केली की काम भागते.

स्टररबद्दल दुमत असायचे कारण नाही. न ढवळलेल्या १० मिमी पाण्यात उष्णता आतपर्यंत पसरायला मिनिटाच्या पटीत वेळ लागतो, आणि वरचा थर गरम, खालचा थंड अशी परिस्थिती तासभरही टिकू शकते. मिनिटाला ५०० ते ८०० फेरे बहुतेक नमुन्यांना पुरतात. प्रथिने ढवळण्याने गोळा होत असतील तर वेग ३००पर्यंत उतरवा आणि थांबण्याचा वेळ वाढवा. बार उड्या मारू लागला तर वेग शून्यावर आणून हळूहळू चढवा.

नमुन्याचे खरे तापमान काढणे

हे काम एकदा नीट करावे लागते. ते न करता छापलेले आकडे ठोकळ्याचे असतात.

आधी प्रोब, म्हणजे नमुन्यात बुडवायचा तापमापक, तपासा. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटा, भांडे भरा आणि फटी भरतील इतकेच शुद्ध पाणी घाला. बर्फ पाण्यावर तरंगू लागला तर पाणी जास्त झाले, ओतून टाका. पाच मिनिटांनी प्रोब मधोमध बुडवून हलवत राहा. वाचन ०.० यायला हवे. पीटी-१०० प्रकारचा सेन्सर ०° से.ला १०० ओहम दाखवतो, १०० अंशांना १३८.५. ही कसोटी मल्टिमीटरनेही घेता येते, फक्त तारांचा रोध वजा करायला विसरू नका.

प्रोब बारीक हवा. जाड धातूचा दांडा स्वतःच उष्णता वर वाहून नेतो आणि कमी तापमान दाखवतो. बुडालेली लांबी जाडीच्या निदान दहापट असावी. ३ मिली पाणी भरून स्टरर चालू करा आणि प्रोबचे टोक बीमच्या २-३ मिमी वर आणा. झाकणाला भोक पाडून प्रोब त्यातून घाला, म्हणजे मापन नेहमीच्या वापरासारख्याच परिस्थितीत होईल.

आता ठोकळा ५, २०, ३७, ५०, ६५, ८० आणि ९५ वर न्या. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटांत वाचन ०.०५ अंशापेक्षा कमी बदलेपर्यंत थांबा आणि दोन्ही आकडे लिहा. फरक साधारण सरळ रेषेत येतो आणि खोलीच्या तापमानापाशी शून्य होतो. उदाहरणार्थ, खोली २५ वर असताना ठोकळा ८०ला आणि नमुना ७८.९ला आला, तर ५५ अंशांच्या अंतरामागे १.१ची तूट, म्हणजे अंशामागे ०.०२. याच हिशेबाने ३७ला तूट पाव अंशाएवढी, आणि ५ला नमुना ठोकळ्यापेक्षा ०.४ने गरम. रेषा वाकडी आली किंवा २५ला शून्यातून गेली नाही, तर प्रोब किंवा ठोकळ्याचा सेन्सर संशयित. तक्त्यावर तारीख, क्युव्हेट, आकारमान, ढवळण्याचा वेग आणि खोलीचे तापमान लिहा. यातले काही बदलले की तक्ता पुन्हा करावा लागतो.

सोबत आणखी एक आकडा काढून ठेवा. ठोकळा ३७ वर स्थिर असताना २५ अंशांची क्युव्हेट आत सोडा आणि घड्याळ लावा. एकूण १२ अंशांपैकी ६३ टक्के, म्हणजे ३२.६° से. गाठायला जितके सेकंद लागतात तो या जोडणीचा प्रतिसादकाळ. तो ८० सेकंद आला असे धरू. पाच प्रतिसादकाळांनी, म्हणजे सात मिनिटांच्या आत, उरलेला फरक ०.१ अंशाखाली येतो. तापमान बदलल्यावर किती थांबायचे, या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पडद्यावरचा हिरवा दिवा लागला म्हणून मापन सुरू करणे म्हणजे पाणी उकळायच्या आत तांदूळ टाकणे.

खोलीच्या तापमानाखाली: दव

हवा २५° से. आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १७च्या जवळ असतो. ३० अंश आणि ७० टक्के असेल तर तो २४वर जातो. म्हणजे दमट खोलीत २० अंशांनासुद्धा क्युव्हेट घामाघूम. ओळख सोपी: सगळ्या तरंगलांबींवर शोषण एकसारखे, हळूहळू वर जाते आणि झाकण उघडले की आणखी बिघडते. खिडकी पुसून फायदा नाही, मिनिटभरात ती पुन्हा धुरकट होते.

उपाय म्हणजे थंड करायला सुरुवात करण्याच्या दहा मिनिटे आधी होल्डरच्या वायुमार्गातून कोरडा नायट्रोजन सोडणे, मिनिटाला ५० ते २०० मिली. सिलिका जेलच्या नळीतून आलेली कोरडी हवाही चालते, पण जेलचा रंग बघत राहा. प्रवाह वाढवला म्हणजे जास्त चांगले, असे नाही. जोराचा वायू क्युव्हेटच्या भिंतीचे तापमान हलवतो आणि उघड्या तोंडावरून द्रावण उडवतो. मापन संपल्यावर ठोकळा आधी २५ वर आणा, मगच वायू बंद करा.

पाण्याचे द्रावण ० अंशाखाली नेऊ नका. गोठताना पाणी फुगते आणि क्युव्हेट कोपऱ्यातून तडकते.

वर जाताना: बुडबुडे, वाफ आणि पीएच

थंड पाण्यात हवा जास्त विरघळते. २५° से.ला पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४०ला ६.४. उरलेला बाहेर पडतो आणि नेमका खिडकीच्या आतल्या बाजूला बारीक मण्यांसारखा चिकटतो. आलेखात अचानक उडी, मग थोडे पठार, मग एकदम पडझड दिसली, तर बुडबुडा धरला, वाढला आणि सुटला. क्युव्हेट बाहेर काढून उजेडात तिरकी धरा, मणी दिसतील. बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आधीच पंधरा-वीस मिनिटे निर्वातात ढवळून घ्या किंवा प्रयोगातल्या कमाल तापमानापर्यंत एकदा गरम करून झाकलेला थंड करा. प्रथिनाचे द्रावण नंतर मिसळा. प्रथिनासह निर्वात लावला तर फेस होतो.

वाफेसाठी टेफ्लॉनचे बूच बरे, पण ते ठोकून बसवू नका. वर थोडी हवा राहू द्या. २५पासून ९० अंशांपर्यंत पाणी ३ टक्क्यांहून थोडे अधिक प्रसरण पावते. ३ मिली द्रावणाची पातळी मिलिमीटरभर चढते. तितक्याच प्रमाणात सांद्रता, आणि म्हणून शोषण, घटते. वितळण्याचा, म्हणजे उष्णतेने रेणू उलगडण्याचा, आलेख काढताना ही घट भरून काढावी लागते, नाहीतर सपाट असायला हवी ती रेषा उताराची येते. लांबच्या प्रयोगात ०.३ मिली हलके खनिज तेल वर सोडा. १० मिमीच्या क्युव्हेटमध्ये त्याचा ३ मिमीचा थर होतो. तेल वापरताना स्टरर मंद ठेवा, भोवरा बीमपर्यंत उतरला तर तेलाचे थेंब मिसळतात. शंका असेल तर क्युव्हेट आधी आणि नंतर तोला: ३ मिलीतून ६० मिलिग्रॅम गेले, म्हणजे सांद्रता २ टक्क्यांनी वाढली.

पीएचकडे सर्रास दुर्लक्ष होते. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ने घसरतो. २५ला ८.० असलेला बफर ७५ला ६.६च्या आसपास येतो. प्रथिन उष्णतेने उलगडले की आम्लतेने, हे मग सांगता येत नाही. हेपेसमध्ये घसरण याच्या निम्मी, फॉस्फेटमध्ये एक दशांश. तापमान बदलायचे असेल तर फॉस्फेट घ्या. ट्रिसच हवा असेल तर निदान पीएच ज्या तापमानाला काम आहे त्याच तापमानाला लावा.

फ्लुरोसन्समध्ये आणखी एक भर: तापमान वाढले की बहुतेक रंगद्रव्यांची तेजस्विता आपोआप कमी होते. ऱ्होडामाइन बी तर अंशाला जवळपास २ टक्क्यांनी मंदावते. अर्ध्या अंशाची चूक तिथे १ टक्क्याची चूक होते. म्हणून ब्लँक (नमुन्याशिवायच्या द्रावणाचे वाचन) एकदाच २५ला घेऊन भागत नाही. ज्या ज्या तापमानाला नमुना, त्या त्या तापमानाला ब्लँक.

रॅम्प: किती वेगाने?

प्रतिसादकाळ इथे पुन्हा उपयोगी पडतो. रॅम्प, म्हणजे तापमान ठरावीक वेगाने सतत चढवणे किंवा उतरवणे, चालू असताना नमुना ठोकळ्याच्या मागे राहतो, आणि हे मागे राहणे म्हणजे वेग गुणिले प्रतिसादकाळ. ८० सेकंद आणि मिनिटाला १ अंश, तर १.३ अंश मागे. मिनिटाला ५ अंश केले तर जवळपास ७ अंश. चढताना नमुना थंड असतो, उतरताना गरम, त्यामुळे दोन आलेखांत दुप्पट अंतर पडते: १ अंशाच्या वेगाला सुमारे २.७. हे अंतर रेणूंचा गुणधर्म म्हणून लिहिले गेल्याची उदाहरणे कमी नसावीत.

डीएनएचे वितळणे (दोन धागे सुटणे) २६० नॅनोमीटरवर पाहताना मिनिटाला ०.५ अंशापासून सुरुवात करा आणि शक्य तिथे आडव्या अक्षावर प्रोबचे तापमान घ्या, ठोकळ्याचे नाही. मग तोच नमुना निम्म्या वेगाने पुन्हा चालवा. वितळण्याचा मध्यबिंदू सरकला, तर पहिला वेग जास्त होता. सरकला नाही आणि तरी चढउताराचे आलेख वेगळे राहिले, तर ते नमुन्यातलेच आहे.

प्रोब आत राहिल्याने फ्लुरोसन्समध्ये प्रकाश विखुरत असेल, तर दुसरा मार्ग पायऱ्यांचा: २ अंशांची पायरी, पाच प्रतिसादकाळ विश्रांती, मग वाचन. वेळ जास्त लागतो, पण मागे राहण्याचा प्रश्न मिटतो आणि दुरुस्तीला फक्त स्थिर तक्ता पुरतो.

बंद करताना, आणि सांडल्यावर

लक्ष्य २५ करा, ठोकळा तिथे पोहोचू द्या, कंट्रोलर बंद करा, पाणी आणखी पाच मिनिटे वाहू द्या, मग वायू बंद करा. ९५ अंशांवरून थेट वीज बंद केली तर साठलेली उष्णता पेल्टियरमधून मिळेल त्या वाटेने जाते. बादलीतले पाणी आठवड्याला बदला. हिरवट झाक दिसेपर्यंत थांबलात तर एक्स्चेंजरच्या बारीक वाटा आधीच चोंदलेल्या असतात.

होल्डरमध्ये द्रावण सांडले तर ते लगेच टिपा, वाळू देऊ नका. क्युव्हेट काढा, वीज बंद करा, शुद्ध पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने तळ आणि चारही कोपरे पुसा, शेवटी कोरड्या बोळ्याने. तळाशी राहिलेला मिठाचा कण क्युव्हेटला वर उचलतो, तिरकी करतो आणि एका बाजूची फट वाढवतो. दुसऱ्या दिवशी कालचा तक्ता जुळत नाही असे वाटले, तर प्रोब बदलण्याआधी होल्डर उलटा करून तळाला टॉर्च मारा.